पिसं झडण्याचे दिवस

दसरा उलटला की सकाळी खुराड्याचं दार उघडताना आत पिसांचा थर दिसू लागतो. पहिल्यांदाच कोंबड्या पाळणाऱ्याला वाटतं, रात्री मुंगूस किंवा रानमांजर शिरलं असावं. पण रक्ताचा थेंब नसतो, कुठे ओरखडा नसतो, आणि मोजल्या तर कोंबड्या सगळ्या जागेवर असतात. मग दोन-चार दिवसांत एखादीची मान उघडी पडते, शेपूट जातं, तुरा सुकून फिकट होतो आणि अंडी थांबतात. घरात बोलणं सुरू होतं, हिला काहीतरी रोग लागला, नाहीतर ही आता म्हातारी झाली. येत्या आठवडी बाजारात ती विकली जाते किंवा रविवारी चुलीवर चढते.

हे प्रकरण त्या कोंबडीच्या बाजूने लिहिलं आहे. कारण अशा घाईत जी कोंबडी जाते, ती बऱ्याचदा कळपातली सगळ्यात चांगली अंडी देणारी असते.

पीस एकदा पूर्ण वाढलं की ते निर्जीव असतं. त्यात रक्त वाहत नाही, त्याची डागडुजी होत नाही. वर्षभर उन्हात तापून, धुळीत लोळून, कुंपणाला घासून, उवांनी कुरतडून ते झिजतं. झिजलेलं पीस ऊब धरत नाही, पाणी अडवत नाही आणि उडतानाही उपयोगी पडत नाही. त्यावर एकच उपाय असतो, जुनं टाकून नवं उगवणं. सगळे पक्षी हे करतात. मोर पावसाळा सरत आला की आपला पिसारा टाकतो. रानात सापडणारी मोरपिसं ही त्या दिवसांतली असतात. कोंबडीच्या अंगावर सात-आठ हजार पिसं असतात आणि वर्षातून एकदा ती जवळजवळ सगळी बदलावी लागतात.

पिल्लाची लव जाऊन पहिली पिसं येतात, मग तलंग वयात येईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने आणखी दोन-तीनदा बदलतात. ही बदलाबदल चालू असताना पिल्लू वाढत असतं, म्हणून आपल्या ती फारशी लक्षात येत नाही. पूर्ण वाढलेल्या कोंबडीची पहिली मोठी पीसगळती साधारण दीड वर्षाच्या आसपास येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये अंड्यातून निघालेली तलंग पहिला हिवाळा सहसा अंडी देत काढते. तिचा खरा खंड दुसऱ्या वर्षीच्या आश्विन-कार्तिकात पडतो. पहिल्या वर्षीचा अनुभव धरून बसलेला माणूस इथेच गोंधळतो.

पिसं वाटेल त्या क्रमाने झडत नाहीत. आधी डोकं आणि मान, मग छाती, पोट आणि पाठ, मग पंख आणि शेपूट. नवं पीस त्वचेखालच्या खोबणीत वाढू लागतं आणि तेच जुन्याला वर ढकलून बाहेर काढतं. नवीन पीस एका निळसर नळीत गुंडाळलेलं येतं. त्या नळीत रक्त खेळत असतं. मानेवर आणि पाठीवर अशा शेकडो नळ्या एकदम वर आल्या की कोंबडी साळिंदरासारखी दिसते. पुढे नळीची पातळ साल सुकून भुसा पडतो, आतलं पीस उलगडतं आणि रक्त मागे सरतं. अंगणात पांढरा कोंडा पडलेला दिसला तर गळती अर्ध्यावर आली असं समजावं.

हे दरवर्षी त्याच सुमाराला का होतं, याचं उत्तर उजेडात आहे. २१ जूननंतर दिवस लहान होत जातो. कोंबडीला तो फरक डोळ्यांनी कळतोच, शिवाय कवटीतून आत झिरपणारा प्रकाश तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पेशी थेट टिपतात. जाक बेन्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग करून हे दाखवलं. डोळे नसलेल्या बदकांची जननेंद्रियंसुद्धा उजेड वाढवल्यावर वाढत होती. मेंदूचा हा भाग पीयूष ग्रंथीला निरोप देतो आणि ती ग्रंथी अंडाशयाला. दिवस मोठा असेल तर अंडाशयात पिवळे बलक पिकत राहतात. दिवस आखूड होऊ लागला की हा निरोप क्षीण होतो, मादीपणाची संप्रेरकं उतरतात, आणि गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा स्राव पिसांच्या वाढीला चालना देतो.

इंग्लंड-अमेरिकेत छापलेली कोंबडीपालनाची पुस्तकं वाचणाऱ्यांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. लंडनमध्ये जूनचा आणि डिसेंबरचा दिवस यांत जवळजवळ नऊ तासांचं अंतर पडतं. पुण्यात जूनचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि डिसेंबरचा सर्वांत लहान अकरा तासांचा, म्हणजे फरक सव्वादोन तासांचा. म्हणून तिकडे अख्खा कळप एकदम बोडका होतो, तर आपल्याकडे एक कोंबडी भाद्रपदात पिसं टाकते, दुसरी कार्तिकात आणि तिसरी पार मार्गशीर्षात. एप्रिल-मे महिन्यांतला उन्हाळाही आपल्या कोंबड्यांची अंडी कमी करतो, पण तो वेगळा प्रकार आहे. तिथे कोंबडी धापा टाकते, खाणं सोडते, सावली धरते. पिसं झडणं तिथे मुख्य लक्षण नसतं.

अंडी थांबण्यामागचा हिशेब समजला की कोंबडीवरचा राग जातो. पन्नास ग्रॅमच्या अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात. कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि ते कोंबडीच्या अंगातल्या एकूण कॅल्शियमच्या जवळपास दहावा भाग भरतं. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात, त्यातला बराच वेळ रात्रीचा, कोंबडी उपाशी बसलेली असताना. त्या वेळी ती आपल्या पायाच्या हाडांच्या पोकळीत साठवलेला चुना उपसून कवचाला देते. वर्षभर हे चाललं की हाडं रिकामी होत जातात. शेवटी शेवटी अंड्याचं कवच पातळ येतं, खरखरीत येतं, हातात फुटतं. आता पिसांकडे पाहा. कोरड्या पिसात ८५ ते ९० टक्के प्रथिनच असतं. दीड किलोच्या कोंबडीच्या अंगावर सत्तर-ऐंशी ग्रॅम पिसं धरली, तर त्यातलं प्रथिन दहा-अकरा अंड्यांइतकं भरतं, आणि ते तिला थोड्या आठवड्यांत उभं करायचं असतं. अंडीही द्यायची आणि पिसंही, हे दोन्ही तिच्या शरीराला पेलत नाही. म्हणून ती एक काम बंद ठेवते.

आत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीची अंडनलिका ताणली तर हातभर लांब असते आणि तिचं वजन साठ-सत्तर ग्रॅम भरतं. विश्रांतीत ती आक्रसून काही ग्रॅमची दोरी उरते. अंडाशयातले मोठे बलक शरीरात परत जिरतात. जुन्या ग्रंथींचा मोठा भाग विरघळून नव्याने बांधला जातो, हाडांत पुन्हा चुना भरतो. गळती संपल्यावर येणाऱ्या अंड्यांचं कवच आधीपेक्षा मजबूत असतं आणि अंडं थोडं मोठं असतं, ते यामुळे. संख्या मात्र पहिल्या वर्षीइतकी येत नाही, थोडी उतरते. अंडी "संपतात" ही भीती मात्र खोटी आहे. कोंबडीचं एकच, डावं अंडाशय काम करतं, पण त्यात डोळ्यांना दिसतील असे हजारो बीजकोष असतात. कोणतीही कोंबडी ते सगळे वापरून मरत नाही.

आता पंखाकडे वळू, कारण कोंबडी ठेवायची की काढायची हे तिथे लिहिलेलं असतं. संध्याकाळी कोंबड्या दांडीवर बसल्या की एकीला हळूच उचला, डाव्या हाताने पोटाशी धरा आणि उजव्या हाताने तिचा पंख हलके पसरवा. टोकाकडे दहा लांब, ताठ पिसं दिसतील. अंगाच्या बाजूला दुसरी रांग आहे. या दोन रांगांच्या मधोमध एक आखूड पीस असतं. टोकाकडच्या दहांची गळती या आखूड पिसाला लागून असलेल्या पिसापासून सुरू होते आणि टोकाकडे सरकत जाते. पंखाचं एक पीस पूर्ण वाढायला सहा आठवडे लागतात. सुस्त कोंबडी साधारण दर पंधरवड्याला एकच पीस टाकते. तिच्या पंखात एक पूर्ण, एक पाऊण, एक अर्धं, एक कोंब अशी उतरंड दिसते. दहावं पीस पडेपर्यंत अठरा आठवडे जातात आणि ते वाढायला आणखी सहा. एवढा काळ, म्हणजे जवळजवळ अर्धं वर्ष, ती अंड्यांवाचून बसू शकते. वरून ती आषाढ-श्रावणातच सुरुवात करते. दिसायला ती नीटनेटकी असते, कारण कधीच फार उघडी पडत नाही, म्हणून घरधन्याला ती आवडते.

चांगली कोंबडी याच्या उलट वागते. पिसं विटकी झाली, शेपूट तुटलं तरी ती अंडी देत राहते. बाकीच्या थांबल्यावरही कार्तिक-मार्गशीर्षापर्यंत चालू ठेवते आणि मग एकदम तीन-चार पिसं टाकते. तिच्या पंखात सारख्या लांबीच्या तीन-चार नळ्या शेजारी शेजारी दिसतील. ती बोडकी होते, भेसूर दिसते, थंडीत कुडकुडते, आणि अडीच-तीन महिन्यांत सगळं उरकून पुन्हा अंड्यावर येते. नेमकी हीच कोंबडी "रोगट" म्हणून विकली जाते. परसातल्या कोंबडीपालनात याहून मोठं नुकसान मला माहीत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपण असं उलटं निवडत गेलो, तर कळपात सुस्त कोंबड्यांचीच संतती उरेल.

पंखाच्या जोडीला आणखी दोन खुणा तपासता येतात. अंडी घालण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन टोकदार हाडं हाताला लागतात. त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं सहज मावत असतील आणि ती जागा ओलसर, रुंद, मऊ असेल तर कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावत असेल आणि जागा कोरडी, आवळलेली असेल तर ती विश्रांतीत आहे. दुसरी खूण पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत दिसते. मक्यातला आणि हिरव्या पाल्यातला पिवळा रंग अंडी चालू असताना बलकात जातो, त्यामुळे आधी अंड्याच्या जागेभोवतीची कातडी, मग डोळ्याभोवतीची कडा, मग चोच आणि शेवटी पाय पांढरट पडतात. अंडी थांबली की रंग त्याच क्रमाने परत येतो. भाद्रपदात जिचे पाय हळदीसारखे पिवळेजर्द आहेत, ती फार दिवस फुकट खात आहे असं समजायला हरकत नाही. (कडकनाथ आणि इतर काळ्या पायांच्या कोंबड्यांना ही कसोटी लावू नये.) या पिवळ्या कातडीचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत पोचतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा असला, तरी पिवळ्या कातडीचं जनुक तिला करड्या रानकोंबड्याकडून मिळालं, असं स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. महाबळेश्वर-कोयनेच्या जंगलात पहाटे आरवतो तो हाच करडा रानकोंबडा.

गावठी कोंबडीच्या बाबतीत आणखी एक विश्रांती ध्यानात घ्यावी लागते. दहा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते. खुराड्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसते, हात घातला की टोचते, दिवसातून एकदाच खायला उठते. तिला रवणीला बसवलं तर एकवीस दिवस अंडी उबवते, पुढे दोन-अडीच महिने पिल्लं सांभाळते आणि तोवर अंडी बंद. छातीवरची पिसं तिची तीच काढते, म्हणजे कातडीची ऊब थेट अंड्यांना लागते. ही पीसगळती नव्हे. खुडूक कोंबडीचं अंग शाबूत असतं, फक्त छाती उघडी असते. गावठी कोंबडीची वर्षभराची अंडी पन्नास-साठ, फार तर सत्तर-ऐंशी भरतात त्याचं मोठं कारण हा खुडूकपणा आहे. वनराजा, गिरिराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जातींत तो बराच कमी केला गेला. अंड्यांचा आकडा त्यामुळे वाढला, पण पिल्लं उबवून घ्यायला घरात एखादी गावठी ठेवावीच लागते.

रोगाची शंका आली तर आधी खाणं पाहा. पिसं टाकणारी कोंबडी खाते, फिरते, माती उकरते, फक्त कोणी हात लावलेला तिला सहन होत नाही. मानमोडीत कोंबडी खाणं टाकते, मान वाकडी होते, हिरवट पातळ विष्ठा पडते, श्वासाला घरघर लागते आणि एकापाठोपाठ एक मरतात. तिथे वाट न बघता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उवांमुळे पिसं गेली असतील तर शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरे गुच्छ दिसतात. फक्त पाठीची पिसं तुटली असतील तर तो कोंबड्याच्या नखांचा परिणाम. या सगळ्यांत नव्या पिसांच्या नळ्या दिसत नाहीत. उघड्या कातडीवर नळ्या आहेत का, एवढं पाहिलं तरी निम्म्या शंका मिटतात. अवेळी मान झडली तर कळपाला धक्का कशाचा बसला ते शोधा. एखादा दिवस पाणी मिळालं नाही, कुत्रं मागे लागलं, टोपलीत घालून लांबचा प्रवास झाला, एवढ्यानेसुद्धा कोंबडी पिसं टाकते. अशा गळतीवरून तिची पारख करू नये.

खाण्याविषयी मात्र आग्रहाने सांगायचं आहे. अंडी बंद झाली की दाणे कमी करायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. ती सोडायला हवी. कोंबडीला वर्षात सगळ्यात जास्त कसदार खाणं याच दिवसांत लागतं. नुसती ज्वारी-बाजरी-मका पुरत नाही, त्यात प्रथिन आठ ते बारा टक्क्यांच्या आसपास असतं. पिसांसाठी आहारात अठरा-वीस टक्के प्रथिन हवं, आणि त्यातही गंधक असलेली अमिनो आम्लं हवीत. सोयाबीन पेंडीत प्रथिन भरपूर आहे, पण मेथिओनिन हे त्यातलं एक आम्ल कमी पडतं. तिळाच्या पेंडीत ते चांगलं असतं, सुकटीत तर फारच चांगलं. सोयाबीन पेंड, थोडी तिळाची पेंड आणि मूठभर सुकट भरड धान्यात मिसळली की काम होतं. सुकट बिनमिठाची घ्या. खारवलेली मासळी कोंबडीला बाधते. वाळवी, गांडुळं, शेणकिड्यांच्या अळ्या ती स्वतः शोधते, म्हणून या दिवसांत तिला उकिरडा उकरू द्यावा. शिंपल्याचा चुरा खाण्यात मिसळू नका, वेगळ्या वाटीत ठेवा. अंड्यावर असलेली कोंबडी तो खाईल, विश्रांतीतली त्याला फारसं तोंड लावणार नाही.

नव्या नळ्या दुखऱ्या असतात. त्या दिवसांत कोंबडी धरू नये, मुलांना खेळायला देऊ नये, शक्य असेल तर लसीकरण आणि नवी कोंबडी कळपात सोडणं पुढे ढकलावं. नळी तुटली तर रक्त वाहतं आणि इतर कोंबड्या तिथेच टोचत सुटतात. जागा दाबून धरून रक्त थांबवा, हळद लावा आणि भरून येईपर्यंत तिला डालग्याखाली वेगळं ठेवा. नगर-नाशिकच्या पट्ट्यात कार्तिक-मार्गशीर्षाची थंडी बोचते, तेव्हा खुराड्याला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधा, खाली कोरडा भुसा घाला. जंताचं औषध द्यायला हा काळ सोयीचा असतो, कारण औषधाचा अंश अंड्यात उतरण्याची चिंता नसते. मात्रा डॉक्टरांना विचारूनच द्यावी. कोंबडाही याच दिवसांत पिसं टाकतो आणि त्याची फलनशक्ती उतरते, म्हणून या काळातली अंडी रवणीला ठेवू नयेत.

मोठ्या पोल्ट्रीत या विश्रांतीचं काय होतं तेही सांगायला हवं. तिथे दिवसाला सोळा तास उजेड असतो, त्यामुळे कोंबडीला ऋतू कळतच नाही. दीडेक वर्षाची झाली की तिला काढून टाकतात. काही ठिकाणी तिच्याकडून दुसरा हंगाम मिळवण्यासाठी कित्येक दिवस खाणं बंद ठेवून, उजेड तोडून कळपाची पिसं एकदम झडवण्याची पद्धत रुळली होती. त्यात कोंबड्या मरत, आणि उपाशी कोंबड्यांत साल्मोनेला जंतूंचा फैलाव वाढतो हे संशोधनातून पुढे आलं. युरोपीय संघात खाणं तोडायला मनाई आहे. अमेरिकेतल्या अंडी उत्पादकांच्या संघटनेने आपल्या नियमांतून ही पद्धत २००६ पासून काढली. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० पासून आहे, पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्नपाणी न देणं हा त्यात गुन्हा आहे, आणि भारतीय पशुकल्याण मंडळाने २०११ मध्ये उपाशी ठेवून पिसं झडवणं थांबवायला सांगितलं. निसर्गाने सावकाश, पोटभर खाऊन करायचं ठेवलेलं काम उपासमारीने उरकून घेणं मला कधीच पटलं नाही.

खुराड्यात बल्ब लावावा का, असं अनेकजण विचारतात. गळती चालू असताना लावू नये. कोंबडीला तिचं काम पुरं करू द्यावं. नवी पिसं उलगडल्यावर, पौषाच्या सुमाराला अंड्यांची गरजच असेल तर पहाटे दोन-तीन तास उजेड वाढवता येतो. संध्याकाळी वाढवला तर बल्ब बंद होताच अंधारात कोंबड्यांना दांडी सापडत नाही. बल्ब न लावताही पौष-माघात दिवस वाढू लागला की तुरा परत लाल होतो, कोंबडी कोपरे धुंडाळू लागते आणि अंडी सुरू होतात.

त्या वेळी एवढं करा. जी कोंबडी सगळ्यांत उशिरा थांबली आणि सगळ्यांत आधी परत आली, तिच्या पायात रंगीत कडं घाला. तिची अंडी विकू नका, खाऊ नका. पुढची खुडूक कोंबडी बसेल तेव्हा तिच्याखाली हीच अंडी ठेवा.